पहिली सुरी

“अक्का, भावजींना जरा सुरी लावायला पाठवताय का?”

प्रमिला मागच्या दारात उभी होती. नुकतीच न्हालेली, ओल्या केसांची गाठ मारलेली, आणि कडेवर पोर घ्यावं तसा भोपळा घेतलेला. भोपळा तरी कसला, परातीत मावणार नाही असा, केशरी, देठ अजून हिरवा. मी खाली बसून गवारी मोडत होते. वर न बघताच म्हटलं, “झोपलेत. अंगात कणकण हाय त्यांच्या.”

हे काही झोपले नव्हते. आतल्या खोलीत कॉटवर बसून बशीतनं चहा पीत होते, आणि तो फुरका तिलाही ऐकू आला असणार. तरी ती हलली नाही. म्हणाली, “आज आमच्या ह्यांची तिथ हाय. नैवेद्याला भोपळा लागतोय. घरात दुसरं पुरुष माणूस न्हाई.”

आमच्या भागात अख्खा भोपळा बाईनं चिरायचा नाही. पहिली सुरी पुरुषानं लावायची, मग पुढच्या फोडी बाईनं खुशाल कराव्यात. भोपळा म्हणजे एक प्रकारचा बळीच, आणि बळी बाईच्या हातानं द्यायचा नसतो, असं सासूबाई सांगायच्या. घरात पुरुष नसला तर शेजारचा बोलवायचा. मी हे कधी पाळलं नाही. कारखान्यातनं माणूस घरी येईस्तोवर भोपळ्याच्या तोंडाकडं बघत कोण बसणार? मी आपली विळी ओढायची आणि एका दणक्यात दोन खापा करायची.

पण प्रमिला पाळायची, आणि तिचं काही चुकत नव्हतं. पितृपंधरवडा होता, नवऱ्याची पहिलीच तिथ होती. दुसरी कुणी असती तर मीच यांना हाताला धरून पाठवलं असतं. तिला बघून मात्र माझ्या अंगाची लाही लाही झाली. का झाली ते सांगायचं तर आधीचं वर्ष सांगायला पाहिजे.

साखर कारखान्याच्या कॉलनीत आमची क्वार्टर शेवटच्या ओळीत होती. प्रत्येक क्वार्टरमागं तुकडाभर परसू. बाकीच्यांच्या परसात धुण्याचा दगड आणि मोडक्या सायकली, माझ्या परसात वांगी, घेवडा, दोडका, मिरची, मधनंमधनं झेंडू. कुणाकडं अचानक पाहुणा आला की बायका ताट घेऊन माझ्याकडं यायच्या. शालनच्या हाताला गुण हाय म्हणायच्या. रोज ऐकलं तरी माझं पोट भरायचं नाही. आमची लेक आजोळी शिकायला होती, दिवसभर मी आणि माझी बाग.

यांना मी बागेत पाऊल टाकू द्यायची नाही. त्याचं कारण असं की लग्न झाल्यावर पहिल्याच थंडीत मी माहेरी गेले होते, तेवढ्यात यांनी हौसेनं खुरपं घेतलं आणि गवत समजून माझी कांद्याची सगळी रोपं उपटली. वर ती जुड्या बांधून नीट रचून ठेवली. शेतकऱ्याच्या पोराला कांदा ओळखता येत नाही, ही गोष्ट मी हळदीकुंकवाला सांगितली, बारशाला सांगितली, चार बायका जमतील तिथं सांगितली. हेही सगळ्यांबरोबर हसायचे. पण त्यानंतर मागच्या पायरीखाली कधी उतरले नाहीत. सकाळी पायरीवर बसून चहा प्यायचे, मी काम करत असायची, भोंगा झाला की उठून जायचे. आमचा संसार तसा गुण्यागोविंदानं चालला होता.

मग प्रमिलाचा नवरा, शेवाळे, वारला. यांच्या हाताखाली फिटिंगला होता, तरणाताठा माणूस, काविळीनं गेला. कारखान्यानं त्याच्या बायकोला दवाखान्यात आयाची नोकरी दिली आणि क्वार्टर दिली ती नेमकी आमच्या शेजारची. शेवाळे आमच्या यांना दादा म्हणायचा, म्हणून हे तिचे भावजी झाले आणि मी अक्का. हे नातं मला पहिल्या दिवसापासून खुपलं. तीही यांना दादा म्हणाली असती तर माझं निम्मं दुखणं तिथंच गेलं असतं. भाऊ तो भाऊ. भावजी म्हटलं की थट्टामस्करी आली, हसणं आलं. त्यात ती दिसायला माझ्यापेक्षा उजवी, हे मला आरशानं आधीच सांगितलेलं.

ती आली तेव्हा तिला मेथी कुठली आणि घोळ कुठली हे कळत नव्हतं. परसात काय लावू म्हणून तिनं मला विचारलं होतं, मी म्हटलं होतं तुळस लाव. झालं माझं सांगून. पुढं वैशाखात आखितीला तिच्या परसात खुरप्याचा आवाज आला म्हणून डोकावले, तर हे. आमचे हे. बनियनवर, उकिडवे बसून वेलासाठी आळं करत होते आणि ती तांब्यातनं पाणी घालत होती. घरी आल्यावर विचारलं, काय चाललं होतं. म्हणाले, भोपळ्याचं बी टाकलं, बिचारीला कोण आहे. बिचारी. त्या शब्दानं माझं डोकं उठलं.

तिथनं पुढं हे रोज तिकडं. कामावरनं आले की हातपाय धुवायच्या आधी कुंपणापलीकडं. भंगारातले पाईप आणले, तारा ओढल्या, वेल चढवायला ऐसपैस मांडव घातला. दुसऱ्या दिवशी नळावर लोहाराची आनंदी मला म्हणाली, “शालन, तुझ्या मालकांनी शेजारी मांडव घातलाय म्हणे. अक्षता कवा हाईत?” सगळ्या खदाखदा हसल्या. मीही हसले. घरी पोचेस्तोवर माझी घागर निम्मी सांडली होती.

आषाढ सरला तसा तिचा दोडका माझ्या दोडक्याच्या वर गेला. पाहुण्यांसाठी ताट घेऊन येणाऱ्या बायका आता आधी तिच्या दारात थांबायला लागल्या. आणि मग एक एक माझ्या लक्षात यायला लागलं. मी दुध्याला जुन्या लुगड्याच्या काठाची झोळी बांधते, तशीच झोळी तिच्या दुध्याला. मी चुलीची राख चाळून पानांवर दव असताना भुरभुरते, तिच्या वांग्यांवर तशीच राख. वांग्यांमध्ये झेंडू लावायची माझी पद्धत, तिच्याकडं वांग्यांमध्ये झेंडू. म्हटलं, बया माझ्यावर पाळत ठेवून आहे. नवरा तर घेतलाच, आता हातचं कसबही घेते. मी तारेच्या कुंपणावर पोत्यांची कनात बांधली. बघ आता काय बघतेस ते. तरी तिची बाग माझ्याबरोबरीनं वाढतच राहिली.

एवढ्यावर मी गप्प बसले असते. पण एकदा सकाळी ते ऐकलं.

भोपळ्याला नराचं फूल वेगळं आणि मादीचं वेगळं. भुंगे, मधमाश्या असल्या तर ठीक, नाहीतर माणसानं मदत करायची. सकाळी फूल उमललं की नराचं फूल खुडायचं, पाकळ्या काढायच्या आणि मधला पिवळा दांडा मादीच्या फुलाला हलकेच टेकवायचा. मी हे काम आसपास कुणी नसताना करायची, कारण मला एक खोड होती. फूल टेकवून झालं की मी त्या वेलाला म्हणायची, लागलं गं बाई तुझं लगीन, आता नांद सुखानं. वेडेपणाच. बाईमाणसात कधी बोलले नाही ते.

त्या दिवशी कनातीच्या फटीतनं बघते तर हे मांडवाखाली उभे, हातात नराचं फूल. ती शेजारी वाकून बघतेय, बटा गालावर आलेल्या. यांनी फूल टेकवलं आणि म्हणाले, “लागलं गं बाई तुझं लगीन. आता नांद सुखानं.” ती तोंडाला पदर लावून हसली.

माझ्या तोंडचं वाक्य यांच्या तोंडात कुठनं आलं, हा विचार तेव्हा मनाला शिवलासुद्धा नाही. मला नुसतं लगीन ऐकू आलं. मी घरात येऊन चुलीपुढं बसले आणि भाकरी करपेस्तोवर उठले नाही. त्या दिवशी यांच्या डब्यात मी नुसती भाकरी आणि मिरची दिली. हे काही बोलले नाहीत, म्हणून मला आणखी राग आला. मग मी पिशवी भरली. चार लुगडी, देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा, घेवड्याचं बी. कॉटखाली सारून ठेवली. पितृपंधरवडा झाला की माहेरी जायचं, आणि गेले की परत फिरायचं नाही. मनाशी अगदी पक्कं केलं होतं. रात्री हे वर झोपायचे आणि खाली माझी पिशवी असायची, आणि माणसाला पत्ता नव्हता.

अशात ती भोपळा घेऊन दारात आली होती. तोच भोपळा. ज्याचं लगीन यांनी लावलं होतं तो.

मी गवारीची परात बाजूला सारली, विळी ओढली आणि म्हटलं, “आणा इकडं. मी देते चिरून. आमच्यात बायकाच चिरतात.”

ती एक पाऊल मागं सरली. भोपळा तिनं दोन्ही हातांनी धरला. म्हणाली, “नको अक्का. त्यांच्या पानात वाढायचाय.”

“मग मांडवाखालीच धरायचा की तुमच्या भावजींपुढं. तिथं असतातच की रोज. लगनं लावतात, सुरी लावायला काय झालंय?”

तिचा चेहरा उतरला. मला वाटलं होतं की बोलून टाकलं की बरं वाटेल. तसं काही झालं नाही. आत बशी खाली ठेवल्याचा आवाज झाला आणि हे बाहेर आले. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. फळीवरची सुरी घेतली, पाण्यानं धुतली, तिच्या हातातला भोपळा उतरवून पाटावर ठेवला. टोपी नव्हती म्हणून डोक्यावर रुमाल टाकला. मग दोन्ही हातांनी दाबून सुरी घातली. भोपळा करकरला आणि फाकला. आतला वास साऱ्या खोलीभर झाला.

प्रमिलानं दोन्ही खापा पदरात घेतल्या. मला वाटलं आता ही निघून जाईल आणि उद्यापासनं नळावर माझी शोभा होईल. ती उंबऱ्यात थांबली.

“अक्का, माझ्या मांडवाखाली भावजी नसतात,” ती म्हणाली. “तुम्हीच असता.”

मला काही उमगलं नाही. ती सांगत राहिली, अगदी हळू, यांच्यासमोरच. शेंडा खुडायचा झाला की हे म्हणायचे, शालन दोन पानं सोडून खुडते. राख टाकायची झाली की म्हणायचे, दव वाळू देऊ नका, शालन दवातच टाकते. झोळी बांधताना गाठ अशी नको, शालनची गाठ सैल असते. भोपळ्याचं फूल टेकवताना तर म्हणाले, आता शालन काय म्हणते ते म्हणायला पाहिजे, त्याशिवाय फळ धरत नाही. “मला हसू आलं. मी म्हटलं, मग अक्कांनाच विचारते की सगळं. तर म्हणाले, नको, तिच्या बागेत दुसऱ्यानं हात घातलेला तिला खपत न्हाई.”

एवढं बोलून ती गेली. तिच्या नैवेद्याला उशीर होत होता.

मी विळीवरनं उठले नव्हते. आता वाटेल की माझं मन विरघळलं असेल. नाही विरघळलं. मला संतापच आला, फक्त त्याचं तोंड फिरलं. म्हटलं, म्हणजे माझं सगळं गुपित तिला नेऊन दिलंत. वर्षानुवर्षं खपून मी जे शिकले ते तिला आयतं. नळावर माझं हसं झालं, माझी ताटं तिच्या दारात गेली, ते तुमच्यामुळं. हे पाटासमोर बसूनच होते. सुरीवरचा केशरी गर बोटानं पुसत म्हणाले, “तिनं विचारलं, शालन. आळं कसं करू म्हणून विचारलं. मला करता येतं की न्हाई, हे न्हाई विचारलं.”

“मग माझ्यात करायचं होतं.”

“तुझ्या बागेत मला जागा कुठं हाय? कांदा उपटलेला माणूस मी.”

हसत म्हणाले असते तर मी काहीतरी टोला हाणला असता. हसले नाहीत. त्या कांद्याच्या गोष्टीला हे इतकी वर्षं हसत आले होते, आणि मी समजत होते की यांना ती गंमतच वाटते. पायरीवर बसून हे नुसता चहा पितात असंही मी समजत होते. गाठ सैल असते हे मला स्वतःलासुद्धा माहीत नव्हतं. मी फुलाशी बोलते ते भोंगा व्हायच्या आधी, पाठमोरी, अगदी पुटपुटत. तेवढं ऐकायला माणसाला किती गप्प बसावं लागलं असेल.

मी विळी सारून उठले. मागं गेले. माझ्या मांडवावर एक भोपळा पिकला होता, तिच्यापेक्षा लहान, एका बाजूनं चपटा. तो तोडला, आणून यांच्यापुढं पाटावर ठेवला आणि सुरी धुऊन हातात दिली.

हे म्हणाले, “आपल्यात बायकाच चिरतात ना?”

“लावा म्हणते ना.”

यांनी सुरी लावली. वाकडी लागली. एक खाप मोठी, एक लहान, बिया निम्म्या चिरल्या गेल्या, आणि बियाणं मला त्याच भोपळ्याचं धरायचं होतं. जीभ अगदी ओठांपर्यंत आली होती. मी गप्प बसले. संध्याकाळी हे पायरी उतरून खाली आले आणि मी त्यांना वांग्याच्या वाफ्यात पाणी सोडायला सांगितलं. वाफा फोडला त्यांनी. तेही सहन केलं. कॉटखालची पिशवी मी दुसऱ्या दिवशी रिकामी केली, अन्नपूर्णा जागेवर ठेवली. यांनी देव्हाऱ्याकडं बघितलं आणि म्हणाले, आली का माहेरनं. म्हणजे तेही माहीत होतं.

त्यानंतर आमच्या घरात मी अख्ख्या भोपळ्याला हात लावला नाही. आखितीला बी हे टाकायचे, फुलांची लगनं आम्ही वाटून लावायचो, सुरी यांची. कायम वाकडी.

प्रमिलावरचा माझा राग मात्र काही गेला नाही, खोटं कशाला बोलू. यांच्या बोलण्यात तिची बाग आली की मला ठसका लागायचा. रिटायर झाल्यावर आम्ही गावात घर बांधलं, तर तिनंही दोन गल्ल्या सोडून जागा घेतली. हे म्हणाले, बरं झालं, ओळखीचं माणूस जवळ. मी म्हटलं, हो, फारच बरं झालं.

हे गेले, आणि वर्षश्राद्ध झाल्यावर पितृपंधरवड्यात यांची तिथ आली. जावई पुण्याहून दुपारी येणार होता. माझ्या मांडवावर त्या साली काही धरलं नव्हतं, मी बी टाकलं पण फुलांपाशी जाववलं नाही. सकाळी मागचं दार वाजलं. प्रमिला. आता केस पांढरे, पाठीत वाकलेली, पण भोपळा तसाच कडेवर. काही न विचारता आत आली, पाट मांडला, भोपळा ठेवला, फळीवरची सुरी शोधून धुतली आणि माझ्यापुढं धरली.

“तुम्हीच लावा अक्का. तुमच्यात बायकाच चिरतात.”

इतक्या वर्षांनी. शब्द न शब्द ध्यानात ठेवला होता. टोमणा होता की धीर देत होती, मला तेव्हाही कळलं नाही आणि अजून कळलेलं नाही. जावयाची वाट बघू या म्हणावं असं माझ्या मनात आलं. तिनं पाटाशी बसून भोपळा दोन्ही बाजूंनी घट्ट धरला. मी सुरी घातली आणि सगळा भार टाकला. सरळ चिरला मेला. दोन खापा अगदी सारख्या, एक बीसुद्धा दुखावलं नाही.

तेवढं सरळ बघून मला रडू फुटलं. पदर डोळ्यांना लावला, आणि पदर काढून बघते तर प्रमिलाच्याही डोळ्यांतनं पाणी चाललेलं. आवाज नाही, काही नाही, भोपळ्यावरचे हात तसेच आणि पाणी गालावरनं खाली.

मी रडत होते ते ठीक. माझा नवरा गेला होता. तिला एवढं रडायचं काय कारण?

विचारलं नाही. चूल पेटवली आणि तिला म्हटलं, बसलीच आहेस तर फोडी कर.